झोपेतला फोटो

स्नेहल मोहिते रत्नागिरीत राम आळीतल्या एका फोटो स्टुडिओत बसून दिवसभर माणसं गोरी करायची. तिचं कामच ते होतं. पासपोर्टचा फोटो काढून झाला की गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणायचं, "मॅडम, जरा उजळ करा." स्थळासाठी फोटो असला तर मुलीची आई खुर्ची ओढून शेजारीच बसायची आणि नाकापासून हनुवटीपर्यंत सूचना द्यायची. स्नेहल माउस फिरवायची. डाग जायचे, डोळ्यांखालचं काळं जायचं, माणूसही थोडाफार जायचा. गिऱ्हाईक खूश होऊन पाकीट घेऊन निघायचं.

गेलेल्या माणसांचं कामही तिच्याचकडे असे. कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून डोकं कापून काढायचं, त्याला कोट चढवायचा, मागे निळं आभाळ टाकायचं. तिने स्वतःच्या वडिलांचाही तसाच केला होता. दत्ताराम मोहिते मुंबईत गोदीत होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचा फोटो असा नव्हताच. ओळखपत्रावर नखाएवढा चेहरा होता, तो मोठा करताना फुटला. स्नेहलने दोन रात्री बसून तो सांधला. आईने बघितला आणि म्हणाली, "छान झालाय. पण हे तुझे बाबा नव्हेत." तरी भिंतीवर तोच लागला, कारण दुसरा नव्हता.

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे स्टुडिओसाठी जुनी फ्रेम शोधायला ती गेली, तेव्हा तिला तो कॅमेरा दिसला. दुबईहून कायमचं परत आलेल्या कुणाच्या तरी घरातलं सामान होतं ते. कॅसेट, थर्मास, काचेची घड्याळं, आणि त्यांच्या मधे साबणाच्या वडीसारखा काळा प्लास्टिकचा कॅमेरा. पुढचं झाकण सरकवलं की भिंग उघडायचं. भंगारवाल्याला तो चालतो की नाही हे ठाऊक नव्हतं आणि तशी फिकीरही नव्हती. चहाच्या दोन खेपांत गेले असते इतकेच पैसे त्याने घेतले.

स्टुडिओचे मालक सदूभाई. साठीपलीकडचे, आयुष्यभर रोल धुतलेला माणूस. त्यांनी कॅमेरा कानाशी धरला, सेल घातले, फ्लॅश चार्ज होतानाची बारीक शिट्टी ऐकली आणि म्हणाले, "जिवंत आहे गो." मग आतल्या कपाटातून मुदत संपलेले दोन-तीन रंगीत रोल काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "फेकवले नाहीत म्हणून राहिले. रंग उतरलेले येतील. आणि एक लक्षात ठेव, बघायला मिळणार नाही. काढला की गेला. धुऊन येईपर्यंत वाट बघायची."

स्नेहलला नेमकं तेच आवडलं. बघायला मिळणार नाही, म्हणजे कोणी उजळ करायला सांगणार नाही.

तिची वाडी संगमेश्वरापासून आत, चढ चढून गेलं की लागते. बौद्धवाडी. चिऱ्याच्या भिंतींची पंचवीस-तीस घरं, मधोमध विहार, आणि वरच्या अंगाला अंगणवाडी. तिथे तिची आई, नंदा मोहिते, सव्वीस वर्षं सेविका होती. वाडीतल्या तिशीखालच्या प्रत्येकाला नंदाताईंनी खिचडी भरवली होती, वजनकाट्यावर टांगलं होतं आणि अक्षर गिरवायला लावलं होतं. घराखालची दोन गुंठे जमीन तिच्या स्वतःच्या नावावर होती. विहारात महिला मंडळाची बैठक असली की प्रास्ताविक तीच करायची, कागद न बघता.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने स्नेहल घरी जायची, कॅमेरा पर्समध्ये. पाणवठ्यावर, अंगणात, काजू फोडताना ती बायकांचे फोटो काढू लागली. मोबाइल पुढे केला की बायका पदर सारखा करून ताठ बसायच्या आणि लगेच "दाखव" म्हणायच्या, दाखवला की "हा नको, पूस." या डबड्याला दाखवायचं काही नव्हतंच, म्हणून चार वेळा विचारून त्यांनी नाद सोडला. रोल मुंबईच्या लॅबला कुरिअरने जायचा. महिन्याभराने प्रिंट यायचे, तोवर फोटो काढल्याचंही कोणाच्या ध्यानात नसायचं.

येसूबाई, शेजारची म्हातारी, स्वतःचा प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत राहिली होती. सुपात तांदूळ होते, तोंडात दोनच दात, आणि ती कशाला तरी मनापासून हसत होती. "ही मीच हाय?" तिने विचारलं. "काळी हाय गो. पन हाय मीच." तिने तो प्रिंट पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवला.

नंदाताईंनी मात्र स्वतः सांगून एक फोटो काढून घेतला होता. एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवशी. पांढरी साडी, निळ्या काठाची, इस्त्री करून. विहाराच्या पायरीवर उभ्या राहिल्या, चष्मा काढला, परत घातला. "आता काढ," म्हणाल्या. तो फोटो चांगला आला. उतरलेल्या रंगांमुळे साडी किंचित जांभळट दिसत होती, पण बाई कोण आहे ते लगेच कळत होतं.

ऋत्विक स्टुडिओत पहिल्यांदा आला तो रोल आहेत का विचारायला. त्याचे वडील शहरातले नावाजलेले आर्किटेक्ट. तो पुण्यात शिकून परत आला होता आणि जुन्या कॅमेऱ्यांनी फोटो काढणाऱ्यांचा एक ग्रुप त्याने जमवला होता. सहा-सात मुलं-मुली, रविवारी सकाळी भाट्याच्या पुलावर नाहीतर बंदरावर फिरायची. त्यांचे कॅमेरे जड, धातूचे, चामडी पट्ट्याचे. सदूभाईंनी स्नेहलकडे बोट दाखवलं, "ही काढते." तिने प्रिंट दाखवले. ऋत्विकने ते टेबलावर पसरले आणि एकेक उचलून बघितला. मग म्हणाला, "तुला कल्पना आहे का, हे काय आहे?"

तो तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान होता, पण पहिल्या दिवसापासून तिला अगं-तुगं करायचा. ती त्याला अहो-जाहो करायची. दोघांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, निदान तेव्हा.

तो वाईट वागला नाही. उलट इतकं कौतुक स्नेहलचं कोणी कधी केलं नव्हतं. त्याने तिला काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल दिले, फुकट. ते मुंबईला पाठवायचीही गरज नाही म्हणाला, तो घरीच न्हाणीघरात धुतो, स्कॅनही करतो. निगेटिव्ह त्याच्याकडेच नीट राहतील, तुमच्याकडे दमट हवेने बुरशी येईल. तिला ते पटलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती घरी होती. आठवडाभर नंदाताई वाडीवाडीने घरोघर फिरून पोलिओचे डोस पाजत होत्या. दुपारी जेवण झाल्यावर त्या पडवीत सारवलेल्या जमिनीवरच आडव्या झाल्या. उशी नाही, हात डोक्याखाली. तोंड थोडं उघडं. पाय अंगणाकडे, आणि बाहेरून आलेलं ऊन नेमकं तळव्यांवर. तळवे चिरलेले, भेगांत लाल माती. स्नेहल हात धुऊन बाहेर आली आणि उभीच राहिली. सव्वीस वर्षांची चाल तिथे जमिनीवर पडली होती असं तिला वाटलं. तिने कॅमेऱ्याचं झाकण सरकवलं, फ्लॅश दाबून बंद केला आणि एकच फोटो काढला. रोल पुढे सरकवणाऱ्या मोटरचा आवाज झाला, तशी आई जराशी हलली. पण उठली नाही.

उठल्यावर सांगू, असं स्नेहलने ठरवलं होतं. उठल्यावर चहा झाला, पाहुणे आले, ते राहून गेलं.

तो रोल ऋत्विकने धुतला. म्हणजे तिच्या झोपलेल्या आईचा फोटो तिच्या आधी त्याने बघितला. रात्रीच त्याचा फोन आला. "स्नेहल, हा एक फोटो... मी सांगू शकत नाही." त्याचा आवाज खरोखरच जड झाला होता. मोबाइलवर त्याने पाठवलेला फोटो तिने बघितला, आणि तिलाही रडू आलं. तो फोटो चांगला होता. तिने आयुष्यात काढलेल्या फोटोंत सगळ्यात चांगला. पुढे जे झालं त्यानंतरही ती हे नाकारू शकली नाही, आणि तिला सर्वात जास्त सलत राहिलं ते हेच.

दिवाळीनंतर ग्रुपचं प्रदर्शन ठरलं, शहरातल्या एका सभागृहात. स्नेहलचे दहा फोटो लागणार होते. निवड ऋत्विक करणार होता. तिने सांगितलं, आईचा जयंतीचा फोटो घ्या. आणि झोपेतला लावणारच असाल तर खाली "आई, दुपार" एवढंच लिहा. तो "हो, बघतो" म्हणाला. आईला विचारायचं आहे, हे ती त्याला म्हणाली नाही. आईलाही तिने एवढंच सांगितलं की फोटो लागणार आहेत, तुझाही आहे.

नंदाताईंनी तीच पांढरी साडी नेसली. वाडीतल्या पाच-सहा बायका आणि येसूबाई, सगळ्या सकाळच्या रत्नागिरी गाडीने आल्या. येसूबाईने वाटेत खायला उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. सभागृहाच्या दारात चपला काढायच्या का यावरून थोडी चर्चा झाली, मग त्या चपला घालूनच आत गेल्या.

समोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा, तो फोटो होता. तळवे आधी दिसत होते, प्रत्येक भेग बोटभर रुंद. मग दूर, वर, उघडं तोंड. खाली पाटी होती: "भूमिहीन. छायाचित्र: स्नेहल मोहिते." आणि बारीक अक्षरात चार ओळी: कोकणातल्या वंचित वस्तीतील एका मजूर स्त्रीच्या देहावर पिढ्यांच्या अभावाने लिहिलेला इतिहास, वगैरे.

नंदाताई पुढे गेल्या, चष्मा लावला आणि पाटी वाचली. सावकाश, मुलांची पुस्तकं तपासताना वाचायच्या तशी. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या शब्दावर आल्या.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

ऋत्विक पुढे आला, नमस्कार केला. "मी लिहिलं, काकू. तुम्ही आलात, फार बरं वाटलं. सगळे याच फोटोसमोर थांबतायत."

"माझ्या नावावर जमीन आहे."

"हो का? नाही, ते तसं शब्दशः नाहीये, काकू. ते एक प्रतीक आहे."

"मी मजूर नाही. सरकारी अंगणवाडीत सेविका आहे. माझं नाव का नाही घातलंत?"

"नाव घातलं की ती एकाच बाईची गोष्ट होते. नाव नसलं की ती सगळ्यांची होते."

"सगळ्यांची कशी होईल?" नंदाताई म्हणाल्या. "पाय माझे आहेत."

ऋत्विक हसला, अवघडून. बाजूला कॉलेजच्या दोन मुली मोबाइलने त्या फोटोचा फोटो काढत होत्या. त्यातल्या एकीने मागे वळून बघितलं, पांढऱ्या साडीतली बाई आणि भिंतीवरची बाई एकच आहे हे तिला कळलं नाही, आणि तिने "काकी, जरा बाजूला होता का?" असं विचारलं. नंदाताई बाजूला झाल्या.

येसूबाईच्या तोंडून निघून गेलं, "मढ्यागत दिसतंय गो." मग तिने स्वतःच जीभ चावली.

जयंतीचा फोटो कुठेच नव्हता. स्नेहलने ऋत्विकला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, त्यात पोज दिल्यासारखी वाटते, खरेपणा नाही. ती म्हणाली, हा खाली उतरवा. तो म्हणाला, "आता? उद्घाटन झालंय. पेपरवाले येऊन गेले. तू शांत हो, दोन दिवसांत तुलाच कळेल हे किती मोठं आहे."

"तो माझा फोटो आहे."

"तुझं नाव आहेच ना खाली. आणि स्नेहल, रोल माझा होता, धुतला मी, प्रिंट मी केला. मी कधी काही बोललो का?"

बाहेर बायका पायरीवर बसून राहिल्या होत्या. शेंगांची पिशवी तशीच भरलेली होती. नंदाताई म्हणाल्या, "दोनची गाडी मिळेल." स्नेहल त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेली. सगळ्या गाडीत चढल्यावर खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "आई, मी असं लिहिलं नव्हतं."

"त्याला मी काय बोलणार," आई म्हणाली. "तो परका. त्याने त्याला दिसलं तसं लिहिलं. पण मी झोपलेली असताना तो आला नव्हता."

गाडी सुटली.

वर्तमानपत्रात फोटो छापून आला. तिथून मोबाइलवर, तिथून तालुक्याच्या ग्रुपांवर. गावात नंदाताईंवर राग असलेला एक माणूस होता. त्याच्या नातसुनेला मदतनीस म्हणून घेतलं नाही, हा त्याचा जुना राग. त्याने फोटोखाली लिहिलं, हीच ती अंगणवाडीवाली, दुपारी पोरं सोडून घोरते. महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी सगळ्या सेविकांसमोर मोबाइल पुढे धरला.

"नंदाताई, हे तुम्हीच ना?"

"मीच. घरी आहे मी. रविवार होता."

"फोटोवर वार कुठे लिहिलाय?"

मोबाइलवर काढलेला असता तर तारीख-वेळ निघाली असती. या फोटोला काहीच नव्हतं. नंदाताईंनी सारवलेली जमीन दाखवली, अंगणवाडीत फरशी आहे म्हणाल्या. मॅडमना पटलं असावं. पण वरून विचारणा आली आहे, लेखी खुलासा द्यावा लागेल, असं त्या म्हणाल्या. मागच्या रांगेत कोणीतरी तोंडावर पदर धरून हसलं. नंदाताईंनी खुलासा दिला. त्यावर पुढे काही झालं नाही, म्हणजे चूक होती असंही कोणी म्हणालं नाही आणि नव्हती असंही नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शेवटच्या दिवशी वाडीने विहारात सत्कार ठेवला, तर त्या म्हणाल्या, मला बरं नाही, आणि गेल्याच नाहीत. शाल आणि फुलं येसूबाईने घरी आणून दिली.

दरम्यान मुंबईतल्या एका स्पर्धेत, ऋत्विकनेच पाठवलेल्या त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. स्नेहल मोहिते यांना. ऋत्विकचा अभिनंदनाचा फोन आला. ती समारंभाला गेली नाही, तर त्यानेच तिच्या वतीने घेतलं आणि चार चांगले शब्दही बोलला म्हणे. तिने निगेटिव्ह परत मागितली. पुष्कळदा मागितल्यावर एक पाकीट स्टुडिओत आलं. त्यात बाकीच्या पट्ट्या होत्या, ती एक नव्हती. सदूभाईंनी दिव्याशी धरून सगळ्या तपासल्या आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं. नंतर संध्याकाळी, शटर ओढताना, ते म्हणाले, "डोळे मिटलेल्या माणसाचा फोटो काढायला आम्हाला बोलवायचे, पण तो मेल्यावर. घरचे चारी बाजूंनी उभे असायचे." एवढंच.

स्नेहलने कॅमेऱ्यातले सेल काढून टाकले. ती शनिवारी घरी जातच होती. आई जेवायला वाढायची, मासळी चांगली मिळाली असली तर तिच्या ताटात मोठा तुकडा घालायची, पाऊसपाणी, वाडीतली लग्नं, सगळं बोलायची. पण दुपारी आडवी व्हायची झाली की आत जाऊन दार लोटून घ्यायची. पूर्वी ते दार कधीच लागत नसे, फुगून घासायचं. आईने सुताराला बोलावून ते रंधून घेतलं होतं.

फेब्रुवारीत ऋत्विकचा फोन आला. त्याला वाडीवर पूर्ण मालिका करायची होती, ग्रुप घेऊन येणार होता. स्नेहल म्हणाली, येऊ नका. तो म्हणाला, तुझं दुखणं समजू शकतो मी, पण ती जागा काही तुझ्या एकटीची नाही.

आणि ते खरं निघालं. प्रज्ञेश, स्नेहलचा चुलतभाऊ, ग्रामपंचायतीत निवडून आलेला, त्याने त्यांना स्वतः बोलावलं. "येऊ देत ना," तो नंदाताईंच्या पडवीत बसून म्हणाला. "काकी, मुंबईपर्यंत वाडीचं नाव झालं. चार फोटो अजून छापून आले तर वरचा रस्ता होईल. तुम्हाला नको तर तुम्ही नका काढू."

रविवारी दहाच्या सुमारास दोन गाड्या चढ चढून आल्या. चामडी पट्ट्यांचे कॅमेरे गळ्यात घालून मुलं उतरली. नंदाताईंनी पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली. घरात एकदम अंधारलं. स्नेहल चुलीपाशी होती. बाहेर येसूबाईचा आवाज ऐकू येत होता, कोणीतरी तिला "आजी, हसू नका, नुसतं इकडे बघा" असं सांगत होतं, आणि ती विचारत होती, "लुगडं बदलून येऊ काय?" "नको नको, आहे तेच छान आहे." शटरचे आवाज जड होते, दरवेळी वेगळे कळत होते.

"तुला जायचं असलं तर जा," आई म्हणाली. "ओळखीचे आहेत तुझ्या."

"नाही जायचं."

आईने कोलंबीचं टोपलं पुढे ओढलं आणि सोलायला बसली. थोड्या वेळाने स्नेहलही समोर बसली. मधे बाहेरून कोणीतरी दारावर टकटक केलं. "काकू, आहात का?" ऋत्विकच होता. दोघींनी हात थांबवले. नंदाताईंनी मुलीकडे बघितलं नाही, दाराकडेही नाही. टकटक पुन्हा झाली. मग पायांचे आवाज पडवीवरून उतरून विहाराकडे गेले आणि आईने पुढची कोलंबी उचलली.